कंट्रोल-सी दाबलं तरी काट्याचा प्रोग्राम काहून थांबत नाही? विंडोजवरच्या गिट बॅशमध्ये नेमकं काय होऊन राहिलं ते

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला, कारण हाच त्रास मी स्वतः दोन सीझन भोगलाय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. याच्या गावच्या कापसाच्या जिनिंगवर वजनकाटा आहे, इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या डब्याची) वायर यूएसबीच्या कन्व्हर्टरवरून विंडोज १० च्या कॉम्प्युटरला कॉम ३ या सिरीयल पोर्टवर लावली आहे, पायथनची छोटी स्क्रिप्ट वजन वाचते आणि सीएसव्ही फाइलीत लिहिते. ती चालते गिट बॅशच्या (विंडोजवर लिनक्ससारख्या कमांड देता येतात त्या) खिडकीत, एका बॅश स्क्रिप्टच्या लूपमधून, म्हणजे पायथन पडलं तर लूप त्याला पुन्हा उठवतो. रात्री काटा बंद करताना हा कंट्रोल-सी दाबतो. तर कधी काहीच होत नाही, कधी पायथन बंद होतं पण लूप ते पुन्हा उठवतो, कधी प्रॉम्प्ट परत येतो पण पुन्हा चालू केलं की पोर्टवर 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' येते, कधी शेवटच्या तीस-चाळीस पावत्या फाइलीतून गायब, आणि सकाळची पहिली गाडी बरेचदा नोंदवलीच जात नाही. याच्या लिनक्स लॅपटॉपवर मात्र तीच स्क्रिप्ट, तोच इंडिकेटर, सगळं बरोबर.

कॉम्प्युटर खराब नाही, कन्व्हर्टरही खराब नाही, तो बदलायला नागपूरला जाऊ नको. तू ज्याला एक त्रास समजून राहिला ते तीन वेगवेगळे त्रास आहेत, आणि तिन्हींचं मूळ एकच, की कंट्रोल-सी ही प्रोग्राम मारायची कळ नाही. तो एक निरोप आहे. निरोप कोण उचलतो, कोण पोचवतो आणि ज्याला पोचला तो त्या वेळी जागा आहे का, हे लिनक्सवर वेगळं आणि विंडोजवर वेगळं. गिट बॅश त्या दोघांच्या मधे उभा आहे.

आधी लिनक्सचं बघ. तू कंट्रोल-सी दाबलं की टर्मिनलमधून फक्त ३ नंबरचा एक बाईट जातो, बस. आस्कीच्या तक्त्यात ३ म्हणजे 'मजकूर संपला'. कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, टर्मिनलचा जो ड्रायव्हर बसलेला असतो तो हा बाईट बघतो, आणि एसटीटीवायच्या (टर्मिनलच्या कळा ठरवायच्या कमांडच्या) सेटिंगमध्ये इंटरप्टची कळ म्हणून हाच लिहिलेला असला तर तो बाईट प्रोग्रामला देतच नाही, त्याऐवजी समोर चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसच्या गटाला सिगइंट नावाचा सिग्नल पाठवतो. नंबर २ चा सिग्नल. ही कळ दगडावरची रेघ नाही हं, जुन्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सवर इंटरप्टसाठी डिलीटची कळ होती, आणि आजही 'एसटीटीवाय इंटर' लिहून तू ती बदलू शकतो. महत्त्वाचं हे, की सिग्नल आला की कर्नल झोपलेल्या प्रोग्रामला हलवून जागं करतो. तुझं पायथन सिरीयल पोर्टवर डोळे लावून बसलेलं असलं तरी ते वाट बघणं मधेच तुटतं, पायथन भानावर येतं, कीबोर्ड-इंटरप्ट (कंट्रोल-सीची पायथनमधली सूचना) उठतं आणि फायनलीमधलं, म्हणजे बंद होताना करायचं, काम होतं. म्हणून तुझ्या लॅपटॉपवर सगळं गोड.

विंडोजमध्ये सिग्नल नावाची अशी वस्तूच नाही. तिथं कन्सोल आहे, म्हणजे कमांडच्या काळ्या खिडकीमागची व्यवस्था. कंट्रोल-सी दाबलं की कन्सोल त्याला जोडलेल्या सगळ्या प्रोसेसना एक इव्हेंट देतो, आणि तो देण्याची पद्धत अशी, की प्रत्येक प्रोसेसच्या आत एक नवीन थ्रेड (कामाचा वेगळा धागा) उभा राहतो आणि तो थ्रेड हँडलर, म्हणजे इव्हेंट आल्यावर काय करायचं तो कोड, चालवतो. नीट बघ, मूळ थ्रेड जिथं अडकला आहे तिथंच राहतो, त्याला कोणी हलवत नाही. पायथनचा हँडलर त्या नव्या थ्रेडमध्ये फक्त एक खूण करून ठेवतो, 'इंटरप्ट आला होता' अशी, आणि मेन थ्रेड परत पायथनच्या कोडवर आला की मगच ती खूण बघितली जाते. आता तुझा मेन थ्रेड कुठं आहे? पायसिरीयलच्या (पोर्ट वाचायच्या पायथनच्या लायब्ररीच्या) रीडमध्ये, आणि टाइमआउट तू दिलेला नाही, म्हणजे बाईट येईपर्यंत बसून राहा असा हुकूम आहे. रात्रीचे नऊ वाजले, काट्यावर गाडी नाही, इंडिकेटरवरची प्रिंटची कळ कोणी दाबत नाही (तुझा इंडिकेटर सतत बोलणारा नाही, प्रिंट दाबल्यावरच एक ओळ सोडणारा आहे, ते तू लिहिलंय म्हणून बरं झालं), तर बाईट येणार कुठून? खूण पडून आहे, बघणारा झोपलेला.

आता सकाळची पहिली गाडी. रात्री तू कंट्रोल-सी दाबलं, प्रॉम्प्ट परत आला, तुला वाटलं बंद झालं. बॅशच्या बाजूचं बंद झालं, पण खरी पायथन प्रोसेस मागे जिवंतच आहे, कॉम ३ धरून बसलेली. कॉम्प्युटर बंद न करता तू घरी गेला. सकाळी स्क्रिप्ट पुन्हा चालू केली, नव्या पायथनला पोर्ट मिळेना, 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड', लूप त्याला पुन्हा पुन्हा उठवून राहिला. तेवढ्यात कापसानं भरलेली पहिली मेटाडोर काट्यावर चढली, पोरानं प्रिंट दाबलं. ओळीचा पहिला बाईट कोणाला गेला? रातच्या जुन्या पायथनला. ते जागं झालं, खूण बघितली, कीबोर्ड-इंटरप्ट उठलं आणि ते मेलं, हातातलं वजन घेऊन. पोर्ट मोकळा झाला, लूपनं उठवलेल्या पुढच्या पायथनला तो मिळाला, आणि दुसऱ्या गाडीपासून सगळं सुरळीत. म्हणून कोणालाच काही सापडत नव्हतं, कारण शोधायला बसावं तर प्रोग्राम मस्त चालू.

माझ्याकडं हे झालं तेव्हा एका कास्तकाराची भरलेली गाडी रिकामी होऊन उभी होती आणि भरलेल्या वजनाची नोंदच नव्हती. रिकामं वजन आहे, भरलेलं नाही. माणूस रात्रभर लायनीत थांबलेला, त्याला काय सांगायचं की पायथनच्या मेन थ्रेडनं खूण उशिरा बघितली? इंडिकेटरच्या छापील चिठ्ठीवरून शेवटी निपटलं, पण त्या दिवसापासून मी हे सगळं मुळापासून समजून घेतलं.

उपाय अगदी छोटा आहे. पोर्ट उघडताना टाइमआउट १ सेकंद दे. मग रीड दर सेकंदाला रिकाम्या हातानं का होईना परत येतं, पायथन खूण बघतं, आणि कंट्रोल-सी जास्तीत जास्त एका सेकंदात लागू होतं. एकच सांभाळायचं, की टाइमआउट लावल्यावर अर्धी ओळ हातात येऊ शकते, म्हणून आलेले बाईट एका जागी जमा करत जा आणि ओळ संपल्याची खूण आली की मगच ते वजन समज. ९६०० बॉडवर सेकंदाला साधारण ९६० अक्षरं येतात, तुझी वीस अक्षरांची ओळ २१-२२ मिलिसेकंदात आटोपते, म्हणजे एका सेकंदाचा टाइमआउट भरपूर झाला, पण तरी जमा करूनच वाच.

आता शेवटच्या पावत्या गायब होण्याचं. हा दुसरा त्रास आणि इथं दोष गिट बॅशच्या खिडकीचा म्हणता येईल, दोष म्हणण्यापेक्षा मजबुरी. ती खिडकी म्हणजे मिनटीटीवाय नावाचं टर्मिनल, आणि त्याच्या मागे सिगविनच्या डीएलएलवरूनच (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या फाइलीवरूनच) निघालेली एमसिसची डीएलएल. सिगविन १९९५ साली सिग्नस सोल्युशन्समध्ये सुरू झालं, विंडोजवर युनिक्सचे प्रोग्राम कंपाइल करून चालवता यावेत म्हणून. विंडोजच्या कर्नलमध्ये युनिक्सचा टर्मिनल ड्रायव्हर नाही, तर ह्या लोकांनी तो डीएलएलच्या आतच बनवला, पाइपांवर (एका प्रोग्रामचे बाईट दुसऱ्याकडं नेणाऱ्या नळ्यांवर) उभा केलेला. सिग्नलसुद्धा त्यांनी स्वतःच बनवले, प्रत्येक सिगविन प्रोसेसमध्ये एक थ्रेड फक्त सिग्नल ऐकायला बसलेला असतो. म्हणून बॅश, ग्रेप, स्लीप हे त्यांच्या घरचे प्रोग्राम कंट्रोल-सी एकदम बरोबर ऐकतात. पण तू पायथनच्या साइटवरून जे पायथन टाकलं ते त्या घरचं नाही, ते अस्सल विंडोजचं आहे. त्याला सिग्नल कळत नाही आणि मिनटीटीवायच्या खिडकीत त्याला कन्सोलही दिसत नाही, त्याला समोर फक्त पाइप दिसतो. खात्री करायची असेल तर गिट बॅशमध्ये पायथनला सिस डॉट एसटीडीइन डॉट इझ-ए-टीटीवाय विचार, फॉल्स आलं तर तू पाइपावर आहे. तुझं प्रिंट केलेलं स्क्रीनवर उशिरा आणि एकदम थप्पीनं येतं, तेही ह्यामुळेच, पाइप दिसला की पायथन ओळीओळीनं लिहीत नाही, साठवून लिहितं.

मग अशा परक्या प्रोसेसला सिगइंट पोचवायचा कसा? जुनी पद्धत सरळ होती, टर्मिनेट-प्रोसेस. म्हणजे विंडोजला सांगायचं की ह्याला संपव. त्यात फायनली चालत नाही, अ‍ॅट-एक्झिट चालत नाही, काहीच चालत नाही. गिट फॉर विंडोजवाल्यांनी ह्यात चांगली सुधारणा केली आहे, त्या प्रोसेसच्या आत एक थ्रेड टाकून खरा कंट्रोल-सी आल्यासारखं करतात, आणि ते नाही जमलं तर मग जोर लावतात. म्हणून तुझ्याकडं कधी एक होतं, कधी दुसरं. कोणत्या कॉम्प्युटरवर कोणती आवृत्ती आहे त्यावर वागणं बदलतं, त्यावर भरवसा ठेवून पावत्या लिहायच्या नाहीत.

पावत्या गेल्या कुठं ते सांगतो. तू फाइल एकदा उघडून ठेवतो आणि राइट करत जातो. पायथन ते लगेच फाइलीत टाकत नाही, सहसा ८,१९२ बाईटचा बफर भरेपर्यंत मेमरीत ठेवतं. तुझी एक नोंद साधारण ६० बाईटची धरली तर शंभर-सव्वाशे नोंदी मेमरीत बसू शकतात! टर्मिनेट-प्रोसेस झालं की मेमरी गेली, नोंदी गेल्या. लाइट गेली आणि इन्व्हर्टरनं दगा दिला तरी तेच. आणि आपल्याकडं लाइटीचं काय आहे ते तुला सांगायची गरज नाही. म्हणून प्रत्येक नोंदीनंतर फ्लश कर आणि लगेच ओएस डॉट एफसिंक कर. फ्लशनं नोंद पायथनमधून विंडोजकडं जाते, एफसिंकनं विंडोजकडून डिस्कवर जाते, दोन्ही पाहिजेत. दिवसाला दोनशे गाड्या आल्या तरी हे दोनशे वेळा होणार, कॉम्प्युटरला काही जाणवणार नाही. लोक स्पीडच्या काळजीनं हे टाळतात, पण काट्यावर स्पीड पाहिजे कोणाला, नोंद पाहिजे.

दुसरी गोष्ट, टर्मिनेट-प्रोसेस झालेलं असलं तर पोर्ट अडकत नाही, कारण प्रोसेस गेली की विंडोज तिचे सगळे हँडल, म्हणजे तिनं उघडलेल्या फाइली आणि पोर्ट, बंद करतं. म्हणजे 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' दिसलं की समजायचं जुनं पायथन जिवंत आहे. टास्क मॅनेजर उघड, डीटेल्समध्ये पायथन शोध, दोन दिसतील. यूएसबी काढून पुन्हा लावायची सवय सोड, त्यानं पोर्टचा नंबर बदलून बसला तर अजून एक डोकेदुखी.

खिडकीचा पर्याय काय? सगळ्यात सोपं म्हणजे कमांडच्या आधी विनपीटीवाय लावायचं, ते गिट फॉर विंडोजसोबतच येतं. ते मागे एक लपलेला खरा कन्सोल उघडतं, पायथन त्या कन्सोलला जोडतं, तुझ्या कळा तिकडं पोचवतं आणि तिकडची स्क्रीन वाचून तुला दाखवतं. कंट्रोल-सी मग कन्सोलच देतो, फायनली चालतं. पण मला विचारशील तर मिनटीटीवायच सोड आणि विंडोज टर्मिनलमध्ये बॅश उघड. विंडोज १० च्या २०१८ सालच्या १८०९ आवृत्तीपासून कॉनपीटीवाय आलं, म्हणजे विंडोजनं स्वतःच खऱ्या कन्सोलला पाइपाचं तोंड दिलं, जे युनिक्सवाल्यांकडं पीटीवाय म्हणून आधीपासून होतं. विंडोज टर्मिनल त्याच्यावरच चालतं, सिगविननंही ३.१ आवृत्तीपासून ते घेतलं, आणि गिट फॉर विंडोज टाकताना सूडो कन्सोलचा एक पर्याय विचारतात तो हाच. एक लक्षात ठेव, विंडोज टर्मिनलमध्ये माऊसनं मजकूर निवडलेला असला तर कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, इंटरप्ट नाही, मग पुन्हा दाबावं लागतं. आणि जुन्या काळ्या खिडकीत क्विक-एडिट चालू असलं की नुसतं क्लिक केल्यावर प्रोग्राम पुढच्या प्रिंटवर थबकून राहतो, टायटलमध्ये 'सिलेक्ट' दिसतं. काट्यावरच्या पोरानं माऊस हलवताना क्लिक केलं आणि अर्धा तास वजन नोंदवलं नाही, हे मी डोळ्यानं पाहिलंय. त्या खिडकीच्या प्रॉपर्टीत जाऊन क्विक-एडिट काढून टाक.

डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरू का असं तू विचारलंय. डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्सचाच कर्नल आहे, आतल्या आत कंट्रोल-सी तुझ्या लॅपटॉपसारखंच चालेल. पण कॉम ३ आत सरळ दिसत नाही, यूएसबी आत जोडायला वेगळं साधन लागतं आणि ते सीझनमध्ये पोराला समजावत बसणं होणार नाही. काट्यासाठी नको. शिकायला घरी अवश्य टाक. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाच्या टर्मिनल अ‍ॅपमध्येही शिकता येते, तिथं व्हॉल्यूम कमी करायची कळ आणि सी एकदम दाबलं की कंट्रोल-सी होतं.

आता तिसरा त्रास, तुझा लूप. कंट्रोल-सी दाबलं, पायथन बंद झालं आणि लूपनं ते पुन्हा उठवलं, असंही तू लिहिलंय. हे तर लूपमधून चालवलं तर लिनक्सवरही होईल. बॅश काय करतो, सिगइंट त्यालाही येतो पण तो समोरची प्रोसेस संपेपर्यंत थांबतो आणि मग बघतो की ती सिगइंटनं मेली का आपणहून बाहेर आली. सिगइंटनं मेली तर तोही स्क्रिप्ट थांबवतो. आपणहून आली तर समजतो की त्या प्रोग्रामनं कंट्रोल-सी आपल्या कामासाठी वापरलं, आणि पुढं चालू राहतो. ही बरोबर रीत आहे, एखाद्या एडिटरमध्ये कंट्रोल-सी दाबल्यावर मागची सगळी स्क्रिप्ट मरायला नको. पण तू स्क्रिप्टमध्ये कीबोर्ड-इंटरप्ट पकडून 'बंद करत आहे' छापतो आणि सरळ बाहेर येतो, मग बॅशला कळणार कसं?

ह्यावर सिग्नलच्या भानगडीत न पडता मी असं करतो. पायथनमध्ये सिगइंटला स्वतःचा हँडलर लावायचा आणि त्यात एकच काम, 'चालू' हे व्हेरिएबल फॉल्स करायचं. पायथनमधला वाचायचा लूप दर सेकंदाला ते बघतो, हातातली नोंद पूर्ण लिहितो, पोर्ट बंद करतो, आणि एक्झिट कोड (प्रोग्राम जाताना सांगून जातो तो आकडा) शून्य घेऊन बाहेर. असं केलं की कीबोर्ड-इंटरप्ट नोंद लिहिता लिहिता मधेच उठत नाही, आणि पोरानं घाईनं तीनदा कंट्रोल-सी दाबलं तरी फायनली अर्ध्यात तुटत नाही. बॅशच्या बाजूनं साधा नियम: शून्य आलं तर मुद्दाम बंद केलंय, लूप सोड, शून्य सोडून काहीही आलं तर ५ सेकंद थांब आणि पुन्हा उठव. ते ५ सेकंद विसरू नको, नाहीतर पोर्ट न मिळाल्यावर लूप वेड्यासारखा फिरतो. पायथननं इंटरप्ट पकडलाच नाही तर विंडोजवर ३.८ आवृत्तीपासून एक्झिट कोड -१०७३७४१५१० असा दिसतो, तो बघून घाबरू नको, त्याचा अर्थ फक्त कंट्रोल-सीनं संपलं एवढाच.

आणि बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला इंटसाठी (म्हणजे सिगइंटसाठी) ट्रॅप लाव, तो सिग्नल आला की काय करायचं हे ट्रॅप सांगतो, ट्रॅपमध्ये नुसता कोलन, म्हणजे काही करू नको. बॅश मग पायथनच्या आधी मरत नाही आणि मागे अनाथ पायथन राहत नाही. पण कोलनच्या जागी रिकामं अवतरण देऊ नको. दोन्ही सारखे दिसतात पण फरक मोठा आहे, रिकामं अवतरण म्हणजे सिग्नल दुर्लक्षित कर, आणि दुर्लक्ष पोराबाळांना (बॅशनं चालू केलेल्या प्रोसेसना) वारशानं जातं, पायथनही ऐकेनासं होईल. कोलनवाला ट्रॅप वारशानं जात नाही. तसंच स्क्रिप्टमध्ये पायथनच्या पुढं अँडचं चिन्ह लावून त्याला मागे ढकलू नको, स्क्रिप्टमध्ये असं मागे टाकलेल्याला बॅश सिगइंट ऐकूच देत नाही.

खिडकीच्या फुलीवर क्लिक करून बंद करायची सवयही मोडायला लाव. कन्सोलमध्ये फुली दाबली की कंट्रोल-सी नाही, दुसराच क्लोजचा इव्हेंट जातो, त्याला हँडलर असला तर साधारण ५ सेकंद मिळतात आणि मग विंडोज संपवून टाकतं. तुझ्या पायथनमध्ये त्याला हँडलरच नाही, म्हणून ते तिथंच संपतं. नोंदी फ्लश आणि एफसिंक केलेल्या असतील तर काही जाणार नाही, म्हणूनच म्हटलं ते आधी कर, बाकी मग. सगळ्यात बरं म्हणजे पोरासाठी डेस्कटॉपवर 'काटा बंद' नावाची एक बॅच फाइल ठेव, ती डबल-क्लिक केली की फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनेल, तुझ्या पायथनमधला लूप दर सेकंदाला ती आहे का बघेल, असली की ती पुसून नीट बंद होईल. मी आता सगळीकडं हेच लावतो, कळ कोणी दाबली, कुठल्या खिडकीत दाबली, काही प्रश्नच राहत नाही.

सीझन लागायच्या आधी एकदा असं करून बघ. काट्यावर रिकामा ट्रॅक्टर उभा कर, पाच वेळा प्रिंट दाब, मग इंडिकेटर शांत असताना कंट्रोल-सी दाब आणि घड्याळ बघ, दोन सेकंदांच्या आत प्रॉम्प्ट यायला पाहिजे. टास्क मॅनेजरमध्ये पायथन उरलेलं नको. फाइलीत पाच ओळी पाहिजेत. मग पुन्हा चालू कर, पाच वेळा प्रिंट दाब आणि ह्या वेळी टास्क मॅनेजरमधून पायथनला एन्ड टास्क कर. लूपनं ५ सेकंदांनी ते पुन्हा उठवायला पाहिजे आणि फाइलीत दहा ओळी पाहिजेत. नऊ निघाल्या तर फ्लश कुठंतरी राहिलंय, तेवढा राइटचा भाग इथं टाक, मी बघून देतो.